अडुळशाचा अर्क आणि प्रयोगशाळेची कसोटी

वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या चारही विषयांच्या पदव्युत्तर विभागांतून गेल्या काही दशकांत एका विशिष्ट साच्याचे संशोधन विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले आहे. 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा जंतूंवरील परिणाम' हे त्याचे ठरलेले शीर्षक. वनस्पतीचे नाव बदलले की नवा निबंध तयार होतो. या साच्यात ज्या झुडपांची वारंवार तपासणी झाली, त्यांत अडुळशाचे स्थान बरेच वरचे आहे. हे झुडूप सर्वत्र उपलब्ध, त्याची कीर्ती घरोघरी पोचलेली आणि त्याच्या रसायनांचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना. म्हणूनच या पद्धतीच्या संशोधनाचे मोल ठरवावयाचे, तर अडुळशाइतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणार नाही. निबंधांची संख्या वाढली, हे निर्विवाद आहे. त्या प्रमाणात अडुळशाविषयीचे ज्ञान वाढले काय, हा खरा प्रश्न होय.

अडुळसा हे कुंपणाचे झाड. पाने कडू, वास उग्र, म्हणून गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या 'अधाटोडा' या शास्त्रीय नामाचा उगमही शेळी ज्याला शिवत नाही अशा अर्थाच्या तमिळ नावात असल्याचे मानले जाते. फळे साठविताना ती अडुळशाच्या पानांत ठेवण्याची चाल होती. भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणूनही ही पाने पडत. पानांत काही तीव्र द्रव्य असले पाहिजे, ही शंका रसायनशास्त्रज्ञाला येण्यापूर्वी शेतकऱ्याला आली होती, असे म्हणावयास हरकत नाही. उटकमंड येथे सरकारी सिंकोना-रसायनतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली या पानांतून एक अल्कलॉइड मिळविले व त्याला व्हॅसिसीन हे नाव रूढ झाले. याच हूपर यांनी मुंबईचे विल्यम डायमॉक व कलकत्त्याचे वॉर्डन यांच्या सहकार्याने 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाची एक शिस्त आजच्या निबंधकाराने ध्यानात घेण्याजोगी आहे: वनस्पतीचे रसायन सांगण्यापूर्वी तिचा उपयोग कोण, कशासाठी व कोणत्या रूपात करतो, हे त्यात नोंदविलेले असते.

आता प्रचलित प्रयोगाचे स्वरूप पाहावे. पाने सावलीत वाळवून त्यांची पूड करतात. ती सॉक्सलेट उपकरणात घालून पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी अशा द्रावकांनी क्रमाने अर्क काढतात. अर्क सुकवून तो डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवितात. अगारच्या थाळीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एशेरिकिया कोलाय यांसारखे जंतू पसरून त्यात लहान खळगे पाडतात, खळग्यांत अर्क भरतात आणि रात्रभर थाळी उबवितात. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतूंची वाढ न झालेले जे स्वच्छ कडे दिसते, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून कोष्टक भरले जाते. शेजारी एखाद्या प्रस्थापित प्रतिजैविकाची चकती ठेवलेली असते. अर्काचे कडे चौदा मिलिमीटर, प्रतिजैविकाचे बावीस. यावरून 'अडुळशाच्या अर्कात लक्षणीय औषधी क्षमता आहे' हा निष्कर्ष निघतो आणि निबंध संपतो.

या मिलिमीटरांचा अर्थ काय, हे मात्र सांगितले जात नाही. कड्याचा व्यास केवळ द्रव्याच्या जंतुघातक शक्तीवर अवलंबून नसतो. ते द्रव्य अगारमध्ये किती सहज पसरते, यावरही तो अवलंबून असतो. पाण्यात विरघळणारे, लहान रेणूंचे दुर्बल द्रव्य दूरवर पसरून मोठे कडे पाडील. तेलकट, मोठ्या रेणूंचे प्रबळ द्रव्य खळग्याच्या काठाशीच अडकून पडेल. एकाच द्रव्याचे दोन नमुने ताडून पाहण्यास ही पद्धत उत्तम आहे, आणि रुग्णालयात जंतूंची औषधसंवेदनशीलता पाहण्यासाठी ती रोज वापरली जाते. शेकडो घटकांचा मिश्र अर्क एका बाजूस आणि शुद्ध प्रतिजैविक दुसऱ्या बाजूस ठेवून मिलिमीटरांची तुलना करणे म्हणजे मात्र धान्याच्या मापाने कापड मोजण्यासारखे आहे.

त्याहून गंभीर प्रश्न मात्रेचा आहे. दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क असलेल्या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर खळग्यात घातले, तर खळग्यात ५ मिलिग्रॅम अर्क पडतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नेहमीच्या चकतीत औषध असते ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या दोन कड्यांची तुलना केली जाते, त्यांतील एकाच्या मध्यभागी दुसऱ्याच्या हजारपट द्रव्य ठेवलेले असते. हा आकडा निबंधात कोठेही लपविलेला नसतो. पद्धतीच्या परिच्छेदात तो असतोच. तो कोष्टकाशेजारी आणून मांडला जात नाही, इतकेच. १०० मिलिग्रॅम हे प्रमाण शरीराच्या भाषेत मांडले, तर ते किती दूरचे आहे हे कळते. शंभराव्या हिश्शाने, म्हणजे दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅमने जंतू रोखले जातात असे धरले, तरी प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात ते प्रमाण येण्यास पाच ग्रॅम सुका अर्क एकाच वेळी रक्तात उतरला पाहिजे. तोही आतड्यात न अडकता, यकृतात न बदलता आणि इतर ऊतींत न शिरता. रिओस व रेसिओ या स्पॅनिश संशोधकांनी २००५ साली जी मर्यादा सुचविली ती याच कारणाने: मिलिलिटरला एक मिलिग्रॅमहून अधिक अर्क, अथवा शुद्ध घटकाचे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण लागत असेल, तर असे प्रयोग टाळावेत. ही मर्यादा लावली, तर अडुळशावरील निबंधांपैकी बऱ्याच निबंधांची कोष्टके रिकामी होतील.

अर्थात याला एक अपवाद न्यायाने मान्य केला पाहिजे. घशात गुळणी धरावयाची असेल किंवा जखमेवर लेप द्यावयाचा असेल, तर अर्काला रक्तातून जावे लागत नाही आणि मोठे प्रमाण तेथे सहज साधते. पण मग निबंधाने तसे स्पष्ट म्हणावे, घशातील किंवा जखमेतील जंतू निवडावेत आणि लेपाचीच परीक्षा करावी. प्रस्तावनेत क्षय, दमा, रक्तपित्त यांचा उल्लेख करून प्रयोगात एशेरिकिया कोलाय वाढवावयाचा, हा मार्ग तर्काला सोडून आहे.

क्षयाचा उल्लेख या निबंधांच्या प्रस्तावनांतून हटकून येतो. जोवर अडुळसा आहे तोवर क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने निराश होऊ नये, या आशयाचे वैद्यांचे पारंपरिक वचन सर्वपरिचित आहे. या वचनाचा प्रयोगशाळेत गंभीरपणे पाठपुरावा झालाच नाही, असे नाही. १९५४ साली गुप्ता व चोप्रा यांनी अडुळशाच्या क्षयरोधक क्रियेवर निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या व्हिन्सेंट बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडुळशाच्या अर्काचा क्षयजंतूंवरील परिणाम 'नेचर' नियतकालिकातून मांडला. बॅरी यांची ही प्रयोगशाळा क्षयावरील औषधाच्या शोधाला वाहिलेली होती आणि तिच्याच एका संयुगाची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. पुढे क्लोफाझिमिन या नावाने प्रसिद्धीस आलेले ते संयुग क्षयासाठी घडविले गेले. उंदरांत ते प्रभावी ठरले आणि इतर प्राण्यांत निराशाजनक. त्याचे खरे कार्यक्षेत्र निघाले कुष्ठरोग. १९६२ साली नायजेरियातून तसा पहिला वृत्तांत आला. पुढे अनेक वर्षांनी, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारांत त्याला पुन्हा स्थान मिळाले. परीक्षानळी, उंदीर, गिनीपिग आणि माणूस या चार पायऱ्यांवर एकाच द्रव्याची चार निरनिराळी उत्तरे येऊ शकतात, हे ज्यांनी अडुळशाचा अर्क तपासला त्यांच्याच अनुभवावरून दिसते.

अडुळशाच्या रसायनाला जगभर मान्यता मिळाली ती जंतू मारण्यासाठी नव्हे, ही गोष्ट निबंधकारांच्या नजरेतून निसटते. हे झाड बेडका सैल करते, हा वैद्यांचा व घरगुती उपचार करणाऱ्यांचा अनुभव होता. व्हॅसिसिनच्या रेणूची घडण पुढे ठेवून जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन तयार केले व ते १९६० च्या दशकात बाजारात आले. शरीरात त्यापासून बनणारे अँब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध म्हणून रूढ झाले. आज औषधाच्या दुकानातील खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर यांपैकी एकाचे नाव असते, आणि ती बाटली घेणाऱ्याला तिचे नाते परसातल्या कुंपणाशी आहे याची कल्पनाही नसते. हा शोध लागला, कारण प्रश्न रोग्याच्या छातीवरून घेतला होता: कफ पातळ का होतो? तोच प्रश्न अगारच्या थाळीला विचारला असता, तर ब्रोमहेक्झिनचे कडे शून्य मिलिमीटर ठरून ते टाकून दिले जाणे अगदी शक्य होते. गंमत अशी, की १९९६ साली ग्रेंज व स्नेल यांनी ब्रोमहेक्झिन व अँब्रोक्सॉल ही दोन्ही क्षयजंतूंची वाढ रोखतात, परंतु माध्यमाच्या आम्लतेवर ते अवलंबून असते, असे दाखविले. ही औषधे जंतूंना आश्रय देणाऱ्या भक्षकपेशींत साठत असावीत, हेही त्यांनी ध्यानात घेतले. जंतू कोठे राहतो आणि औषध तेथे पोचते काय, हा विचार करणारा निबंध किती वेगळ्या जातीचा असतो, ते येथे दिसते. ज्या क्षयजंतूच्या वाढीला आठवडे लागतात, त्याच्याविषयी एका रात्रीच्या थाळीवरून बोलण्याचे धाडस त्यात नाही.

श्वासनलिकांवरील क्रियेचा इतिहासही असाच सावधगिरी शिकविणारा आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये चोप्रा व घोष यांनी १९२५ साली व्हॅसिसिनची क्रिया तपासली व श्वासनलिका सौम्यपणे परंतु टिकाऊपणे सैल होतात, असे नोंदविले. १९५९ साली अमीन व मेहता यांनी व्हॅसिसिनोन हे दुसरे अल्कलॉइड पुढे आणले व श्वासनलिका सैल करण्याचे श्रेय त्याला दिले. त्यानंतरच्या प्रयोगांत या दोन द्रव्यांविषयी मतभेद माजले. वेगळ्या काढलेल्या ऊतीवर एक परिणाम, तर जिवंत प्राण्यावर त्याच्या उलट, असेही वृत्तांत आले. व्हॅसिसीन हवेच्या संपर्काने व्हॅसिसिनोनमध्ये बदलते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोंधळाचे एक कारण समजू शकते. ताज्या पानात जे आहे, ते वाळविलेल्या, कुटलेल्या व तासन्‌तास उकळत्या द्रावकात फिरविलेल्या पानात त्याच प्रमाणात असेल, असे गृहीत धरता येत नाही.

येथेच प्रचलित पद्धतीचा सर्वांत मोठा दोष उघड होतो. ज्या अर्काची परीक्षा केली जाते, तो कोणत्याही वैद्याने कधी कोणाला दिलेला नसतो. अडुळशाचे पान असे, की कुटून पिळले तरी रस फारसा निघत नाही. म्हणून शार्ङ्गधरसंहितेत त्यासाठी पुटपाकाची कृती सांगितली आहे: पानांचा कल्क करून त्याचा गोळा पानांत गुंडाळावा, वरून मातीचा लेप द्यावा, तो निखाऱ्यात लाल होईपर्यंत भाजावा आणि मग आतील गोळा पिळून रस काढावा. घरी पाने तव्यावर किंवा वाफेवर नरम करून रस काढतात, ती याच कृतीची सोपी आवृत्ती होय. त्या रसात मध घालतात. पेट्रोलियम ईथरचा संबंध यात कोठेही येत नाही.

कृतीचा तपशील हा कर्मकांडाचा भाग समजून सोडून द्यावा काय? याचे उत्तर चीनमधून मिळाले आहे. हिवतापावर औषध शोधताना तू यूयू यांना एका वनस्पतीच्या अर्काने कधी यश तर कधी अपयश येत होते. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून त्यांनी कमी तापमानास उकळणारे ईथर वापरले, आणि १९७१ साली उंदरांतील हिवतापावर पूर्ण यश देणारा अर्क हाती आला. आर्टेमिसिनिनच्या त्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेथे ग्रंथ उष्णता टाळावयास सांगत होता. येथे ग्रंथ भाजावयास सांगतो. त्या भाजण्याने नेमके काय घडते, केवळ पेशी फुटून रस सुटतो की अल्कलॉइडांचे प्रमाणही बदलते, ऑक्सिडीकरण घडविणारी द्रव्ये निष्क्रिय होऊन व्हॅसिसीन टिकते काय, हे सर्व प्रश्न साध्या प्रयोगशाळेत हाताळता येण्याजोगे आहेत. अहमदाबादच्या संशोधकांनी २००८ साली अडुळशाचा रस काढण्याच्या निरनिराळ्या रीती घेऊन प्रत्येक रसातील एकूण अल्कलॉइडे व व्हॅसिसीन मोजून प्रसिद्ध केले. उपकरणांचा फारसा डामडौल नसलेले हे काम थाळ्यांवरील वर्तुळांच्या ढिगापेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण रोग्याच्या पोटात जे जाते त्याविषयी ते बोलते.

रक्तपित्ताची उपेक्षा तर आश्चर्यकारक म्हणावी लागते. आयुर्वेदात अडुळशाची पहिली ख्याती नाका-तोंडावाटे किंवा अन्य मार्गाने होणारा रक्तस्राव थांबविण्याची आहे. रक्तपित्त म्हणजे आधुनिक वैद्यकातील एकच एक रोग नव्हे, हे खरे. तथापि रक्त गोठण्याचा काळ, रक्तबिंबिका, सूक्ष्म केशवाहिन्यांची मजबुती, जठराच्या अस्तराचे संरक्षण असे मोजता येणारे प्रश्न त्यातून सहज निघतात. त्यांपैकी काहींना हात घातला गेला आहे. पण थाळीवरील कामाच्या मानाने ते अल्प आहे. याचे कारण शास्त्रीय नाही. थाळी स्वस्त असते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते.

वनस्पतीच्या ओळखीविषयी थोडे. महाराष्ट्रात 'काळा अडुळसा' या नावाने ओळखले जाणारे झुडूप जस्टिशिया जेंडारुसा होय. ते वेगळे, त्याचे घटक वेगळे. केरळातील वैद्य ज्या लहान अडुळशाला अधिक पसंत करतात, तो जस्टिशिया बेडोमाय. बाजारातल्या वाळक्या पानांत महारुखाची भेसळ होते, हेही औषधपरीक्षेच्या ग्रंथांतून नोंदलेले आहे. असे असता 'पाने स्थानिक बाजारातून आणली' या एका वाक्यावर भिस्त ठेवणारा निबंध नेमक्या कोणत्या झाडाविषयी आहे, हे कोणीही सांगू शकणार नाही. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राचा आणि मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह उपलब्ध असताना, फुलांसह एक फांदी दाबून जमा करणे व तिचा क्रमांक निबंधात देणे एवढी तसदी कोणालाही झेपण्यासारखी आहे.

या सैल पद्धतीची किंमत अखेर रोग्याला मोजावी लागते आणि तिचे सर्वांत नाजूक उदाहरण गर्भवतीचे आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात व्हॅसिसिनची गर्भाशयावरील क्रिया तपासली. गर्भाशयाचे आकुंचन घडविणारे व गर्भपात करू शकणारे द्रव्य म्हणून १९८० साली त्याची साद्यंत मांडणी झाली. संपूर्ण पानाच्या अर्काविषयीचे प्राण्यांवरील प्रयोग मात्र परस्परविरोधी आहेत. २००० साली स्वीडिश संशोधकांनी केलेल्या चिकित्सक समीक्षेत हा विरोध नोंदविलेला आहे. अशा स्थितीत 'नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणामरहित' हे वाक्य थाळीवरील निबंधाच्या शेवटी छापून येते, तेव्हा ते निरुपद्रवी अलंकरण राहत नाही. कोणीतरी ते वाचतो, वृत्तपत्रात देतो आणि खोकणाऱ्या गरोदर स्त्रीच्या हाती पेला जातो.

दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपुरे अनुदान, दोन वर्षांची मुदत आणि निबंधांच्या संख्येवरून होणारे मूल्यमापन यांत तो सापडलेला असतो. साचा त्याला मार्गदर्शकाकडून मिळतो व मार्गदर्शकाला त्याच्या मार्गदर्शकाकडून. पण त्याच मुदतीत व त्याच खर्चात वेगळे काम होऊ शकते. द्रवमाध्यमात अर्क क्रमाने पातळ करीत नेऊन किमान निरोधक प्रमाण ठरविण्यास नवे यंत्र लागत नाही. सॉक्सलेटच्या जोडीला पुटपाकाचा रस ठेवण्यास निखारे आणि माती पुरतात. वैद्य वामन गणेश देसाई यांच्या 'औषधीसंग्रहा'सारखा मराठी ग्रंथ संदर्भासाठी उघडण्यास तर काहीच लागत नाही, आणि तरीही तो क्वचितच उघडला जातो. अर्काचा परिणाम दिसला नाही, तर तसे छापण्याची तयारी मात्र संपादकांनी दाखविली पाहिजे. आज शून्य मिलिमीटरचे कोष्टक घेऊन येणाऱ्याला परत पाठविले जाते, म्हणून कड्याचा व्यास वाढेपर्यंत खळग्यातील अर्क वाढत राहतो.

विभागाच्या आवारातील कुंपणावर अडुळसा असतोच. एकाच झुडपाची पाने चैत्रात, आषाढात आणि फुलोऱ्याच्या थंडीत तोडून, काही ताजी व काही वाळवून, पुटपाकाने व मिथेनॉलने त्यांचा रस-अर्क काढून प्रत्येकातील व्हॅसिसीन व व्हॅसिसिनोन मोजले, तर एका वर्षात एक प्रबंध पुरा होईल. त्याला जंतूंची एकही थाळी लागणार नाही. आणि नंतर ज्याला थाळी मांडावयाची असेल, त्याला आपल्या खळग्यात काय पडले आहे, हे प्रथमच ठाऊक असेल.